बक्षीस नाकारणारा लेखक दहा वर्षांनी लष्कराच्या बाजूला का गेला? (अरब विचारवंत आणि सत्ता)

नाईलकाठची:

ऑगस्ट २०२५ मध्ये सोनअल्ला इब्राहिम गेले. इजिप्तचे कादंबरीकार, ८८ वर्षांचे होते. तेव्हापासून लिहायचं मनात होतं, आज बसलेच.

आम्ही २००९ ते २०१३ कैरोत होतो. नवऱ्याची नोकरी तिकडे, मी घरी, म्हणून दोक्कीत एका बाईंकडे अरबी शिकायला जायला लागले. पहिलं वर्ष हा पेन, ती खिडकी यातच गेलं. दुसऱ्या वर्षी बाईंनी माझ्या हातात सोनअल्लांची 'ज़ात' ठेवली. ती अशी आहे की एक प्रकरण ज़ात नावाच्या साध्या मध्यमवर्गीय बाईचं आणि पुढचं प्रकरण नुसत्या वर्तमानपत्रातल्या कात्रणांचं, भ्रष्टाचार, भेसळ, कर्जं, मंत्र्यांची भाषणं, मग परत ती बाई. बाई म्हणायच्या, कात्रणं वाच, तुला पेपरातली अरबी पण येईल आणि हा देश पण कळेल.

त्यांनीच मला २००३ चा प्रसंग सांगितला. स्वतः तिथे नव्हत्या, पण कैरोत तो प्रसंग लोक काल घडल्यासारखा सांगतात. ऑक्टोबर महिना, ऑपेरा हाउस, अरबी कादंबरीवरच्या परिषदेचा समारोप, सोनअल्लांना एक लाख इजिप्शियन पाउंडांचं बक्षीस जाहीर. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष सुदानचे तय्यिब सालेह, समोर सांस्कृतिक मंत्री फारूक होस्नी. सोनअल्ला उठले, कागद काढला आणि वाचायला लागले. पॅलेस्टाइनमध्ये माणसं मारली जातायत आणि इस्रायलचा राजदूत आपल्या शहरात निवांत राहतोय, आपल्याकडे ना नाटक उरलं ना सिनेमा ना संशोधन ना शिक्षण, उरलेत फक्त महोत्सव आणि परिषदा. आणि शेवटी, हे बक्षीस द्यायची विश्वासार्हता माझ्या मते ज्या सरकारकडे नाही त्याच्याकडून मी ते घेणार नाही. एवढं वाचून निघून गेले.

ह्याच फारूक होस्नींच्या नावाला 'हजीरा' हा शब्द कायमचा चिकटलाय. हजीरा म्हणजे गुरांचा गोठा. विचारवंतांना आम्ही गोठ्यात आणलं असं ते म्हणाल्याचं कैरोतला कुठलाही लेखक तुम्हाला सांगेल. १९८७ ते २०११ ते मंत्री होते. स्वतः चित्रकार, त्यामुळे लेखक-कलावंतांना नेमकं काय हवं असतं ते त्यांना पक्कं माहीत: मासिकाचं संपादकपद, परदेशवारी, समितीवर जागा, आजारपणाचा खर्च.

आता खरा प्रश्न. २०१३ च्या उन्हाळ्यात लष्कराने निवडून आलेल्या मुस्लिम ब्रदरहूडच्या राष्ट्राध्यक्ष मोर्सींना हटवलं. १४ ऑगस्टला राबा चौकात मोर्सी समर्थकांवर गोळीबार झाला, ह्यूमन राइट्स वॉचच्या मोजणीनुसार किमान ८१७ माणसं एका दिवसात मेली. आणि सोनअल्ला लष्कराच्या बाजूने बोलले. तेच सोनअल्ला ज्यांनी १९५९ ते १९६४ ही वर्षं तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष नासर यांच्या तुरुंगात काढली होती. आमच्या बाई पण ३० जूनला मोर्सींविरुद्धच्या निदर्शनांना तहरीर चौकात गेल्या होत्या. मी तेव्हा त्यांच्याशी वाद घातला नाही, परदेशी बाईने काय बोलायचं म्हणून गप्प बसले आणि तेच इतकी वर्षं मनात सलतंय.

मला ह्याला नुसती गद्दारी म्हणायचं नाहीये. हे कसं होतं ते समजून घ्यायचंय. ज्यांना अरब देशांचा अनुभव आहे त्यांनी लिहा प्लीज.

---

आडवा_प्रश्न:

छान लिहिलंय पण मूळ मुद्दा सुटतोय असं वाटतं. अरब जगात विचारवंताला खरा धोका सरकारचा नसून कट्टर लोकांचा आहे. कादंबरीकार नगीब महफूज यांना १९९४ मध्ये मानेवर चाकू मारला तो काय मंत्र्याने मारला का? कट्टरांवर टीका करणारे लेखक फराग फोदांना १९९२ मध्ये कैरोत गोळ्या घातल्या. मग असे लोक निवडणूक जिंकून आले तर लेखक लष्कराकडे धावणारच, ह्यात न समजण्यासारखं काय आहे?

---

नाईलकाठची:

@आडवा_प्रश्न भीती खरी होती हे मान्य, १००%. पण सरकार आणि कट्टर असे दोन वेगळे कप्पे तिथे नाहीत हो. नस्र हामिद अबू ज़ैद यांचं उदाहरण बघा. कैरो विद्यापीठात शिकवायचे, कुराणाचा अभ्यास भाषेच्या अंगाने करायचे. बढतीसाठी पुस्तकं पाठवली तर समितीतल्या एका प्राध्यापकाने श्रद्धेवरच बोट ठेवलं. मग काही वकिलांनी कोर्टात दावा टाकला की हा माणूस मुसलमान राहिला नाही म्हणून मुसलमान बायकोशी ह्याचं लग्न टिकत नाही, आणि १९९५ मध्ये कोर्टाने खरंच लग्न मोडल्याचा निकाल दिला. बायकोला नको होतं, नवऱ्याला नको होतं, तरी. दोघं हॉलंडला गेले, लायडनला. आता ह्यात कोर्ट कोणाचं, विद्यापीठ कोणाचं? तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मुबारक यांच्या सरकारचंच. नंतर सरकारने कायदा बदलला की असा दावा फक्त सरकारी वकीलच आणू शकेल. म्हणजे हत्यार फेकून दिलं नाही, फक्त स्वतःच्या कपाटात ठेवलं.

आणि फोदांच्या खुनाच्या खटल्यात शेख मुहम्मद अल-ग़ज़ाली यांनी बचावाच्या बाजूने साक्ष दिली, धर्म सोडलेल्याला मारणाऱ्याला इस्लाममध्ये शिक्षा नाही अशा अर्थाची. हे शेख कुठल्या गुहेत लपलेले नव्हते, कैरोच्या अल-अझहर या जुन्या इस्लामी विद्यापीठात शिकलेले, मोठे मानमरातब असलेले धर्मपंडित होते.

---

आडवा_प्रश्न:

हे लग्न मोडायचं प्रकरण माहीत नव्हतं. विचार करतो.

---

मस्कतकर:

धागा आवडला. मी १९९६ पासून आखातात, आधी कुवेत मग मस्कत. माझा मुद्दा पैशाचा आहे.

नासरने १९६० मध्ये वर्तमानपत्रं सरकारी केली तेव्हापासून इजिप्तमध्ये लेखक म्हणजे सरकारी नोकर. अल-अहराम या मोठ्या दैनिकात हैकल संपादक होते १९५७ ते १९७४, नासरचे सगळ्यात जवळचे, आणि त्यांनी सहाव्या मजल्यावर महफूज, तौफीक अल-हकीम अशा दिग्गजांना खोल्या दिल्या होत्या. लिहायचं स्वातंत्र्य बऱ्यापैकी, पण छप्पर संपादकाचं आणि संपादकाचं छप्पर राष्ट्राध्यक्षाचं. महफूज तर आयुष्यभर सरकारी नोकरीत, काही काळ सेन्सॉर खात्याचेच प्रमुख होते! त्यांची गल्लीतल्या पैगंबरांसारख्या माणसांवरची कादंबरी १९५९ मध्ये अल-अहराममध्ये क्रमशः आली पण पुस्तक इजिप्तमध्ये निघू शकलं नाही, १९६७ मध्ये बैरूतला निघालं.

मग तेल आलं. कुवेतने १९५८ मध्येच 'अल-अरबी' मासिक काढलं होतं, पहिले संपादक इजिप्तचेच होते, आणि मोरोक्कोपासून इराकपर्यंत ते अगदी स्वस्तात मिळायचं. माझ्या ऑफिसात एक वयस्कर सुदानी अकाउंटंट होते, त्यांच्याकडे सत्तरच्या दशकातले अंक बांधून ठेवलेले, सांगायचे की आमच्या गावात लायब्ररी नव्हती, हेच आमचं विद्यापीठ. तेव्हा आखाताच्या पैशाने चांगलंही खूप झालंय हे मी नाकारणार नाही.

पण आता बघा. मोठी अरबी वर्तमानपत्रं, चॅनेल, बक्षिसं जास्त करून सौदी, अमिराती नाहीतर कतारी पैशावर. अबू धाबीचं कादंबरीचं बक्षीस ५० हजार डॉलर, शेख ज़ायद पुरस्कार त्याहून मोठा. कैरोत पुस्तकावर घर चालत नाही, मग लेखक काय करेल? सौदीवर टीका करायची तर कतारच्या चॅनेलवर आणि कतारवर करायची तर सौदीच्या. ज्याच्या घरी जेवतोस त्याच्याबद्दल मात्र गप्प. जमाल ख़शोग्जी तर सौदी राजघराण्याच्या वर्तुळातलेच पत्रकार, ते बाहेर पडून लिहायला लागले आणि २ ऑक्टोबर २०१८ ला इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत आत गेले ते परत बाहेर आलेच नाहीत.

जर्मन तत्त्वज्ञ हाबरमास यांनी २०२१ मध्ये शेख ज़ायद पुरस्कार आधी हो म्हणून नंतर नाकारला. त्यांना ते परवडतं. सोनअल्लांनी एक लाख नाकारले तेव्हा ते साध्या फ्लॅटमध्ये राहत होते आणि दुसरं उत्पन्न म्हणावं तर काही नव्हतं. ह्या दोन नकारांचं वजन सारखं नाही.

---

शेवंती७२:

मस्कतकर, शेवटचा परिच्छेद वाचून थांबले. +१

---

पानगळ:

मी बर्लिनमध्ये असते. इकडे नॉयकोल्नमध्ये ज़ोननआले नावाचा रस्ता आहे, त्याला सगळे अरब रस्ताच म्हणतात, २०१५ नंतर दमास्कसची अर्धी मिठाई तिथे आली. माझ्या जर्मनच्या क्लासमध्ये अलेप्पोचे एक निवृत्त शिक्षक होते, त्यांच्यामुळे सीरियाचं बरंच ऐकलं आणि मग वाचलं. इजिप्तची तुलना सीरियाशी केली की वेगळंच चित्र दिसतं म्हणून लिहिते.

इजिप्तमध्ये गोठा तरी होता. सीरियात गोठ्याला दारच नव्हतं, सरळ तुरुंग. यासिन अल-हाज सालेह मेडिकलचे विद्यार्थी असताना १९८० मध्ये पकडले गेले ते १९९६ ला सुटले. १६ वर्षं! बाहेर येऊन डॉक्टरकी पूर्ण केली आणि लेखक झाले. २००० च्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष हाफिज़ असद मेले, मुलगा बशार आला, सगळ्यांना वाटलं आता मोकळं होईल. सप्टेंबरमध्ये ९९ विचारवंतांनी एक निवेदन काढलं, मागण्या किती साध्या: आणीबाणी उठवा (ती १९६३ पासून होती), राजकीय कैदी सोडा, बोलू द्या. नंतर जानेवारीत हजार जणांचं निवेदन. लोकांच्या दिवाणखान्यात बैठका भरायला लागल्या, त्याला मुंतदा म्हणायचे, खुर्च्या कमी पडायच्या म्हणून लोक जिन्यात उभे राहून ऐकायचे असं आमचे शिक्षक सांगायचे. वर्षभरात संपलं सगळं. आरिफ दलीला, अर्थशास्त्राचे प्राध्यापक, सरकारी भ्रष्टाचारावर बोलले, दहा वर्षांची शिक्षा.

मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. यासिनना असदने १६ वर्षं आत ठेवलं, पण त्यांची बायको समीरा खलील, ती स्वतःही असदच्या तुरुंगात राहिलेली, तिला डिसेंबर २०१३ मध्ये दमास्कसजवळच्या दूमामधून पळवलं, वकील रज़ान ज़ैतूना आणि अजून दोघांबरोबर. आणि दूमा तेव्हा असदच्या ताब्यात नव्हतं, विरोधी सशस्त्र इस्लामी गटांच्या ताब्यात होतं. ८ डिसेंबर २०२४ ला बशार असद पळाला, तुरुंगांची दारं उघडली, इकडे रस्त्यावर लोक रडत नाचत होते आणि त्या चौघांचा मात्र पत्ता नाही. म्हणजे @आडवा_प्रश्न यांचा मुद्दा चूक नाही, दोन्हीकडून मार आहे. पण यासिननी त्यामुळे असदला 'निदान हा तरी बरा' असं कधी म्हटलं नाही. मला त्या माणसाबद्दल म्हणून आदर आहे, दुसऱ्या बाजूने इतकं गमावूनही.

आणि अदोनिस? अरबी कवितेतलं एवढं मोठं नाव, १९३० चा जन्म, पॅरिसमध्ये सुरक्षित. २०११ मध्ये राष्ट्राध्यक्षांना उघडं पत्र लिहिलं, त्यात बदलाची मागणी होती, पण मशिदीतून निघणाऱ्या मोर्च्यात मी जाणार नाही अशी त्यांची भूमिका राहिली. त्याच ऑगस्टमध्ये दमास्कसमध्ये व्यंगचित्रकार अली फरज़ात यांची बोटं आणि हात मोडले, मुद्दाम हातच. लोक मशिदीतून निघत होते कारण चार माणसांना एकत्र जमायची परवानगी असलेली दुसरी जागाच देशात शिल्लक ठेवली नव्हती. मुंतदा कोणी बंद केल्या होत्या?

---

जुनं_पान:

@पानगळ शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. चहाची दुकानं, युनियन, विद्यार्थी संघटना, पक्ष, सगळं मोडून टाकलं की मशीद आणि छावणी एवढ्या दोनच संघटित जागा उरतात आणि मग विचारवंताला विचारतात ह्या दोघांतलं निवड.

---

काळी_शाई:

मी कायद्याची प्राध्यापक आहे त्यामुळे ट्युनिशियाबद्दल राहवत नाही. तिथे तर विचारवंत सत्तेजवळ गेला नाही, विचारवंतच सत्ता झाला. दोनदा! आधी मोन्सेफ मर्ज़ूकी, डॉक्टर, मानवी हक्कवाले, हुकूमशहा बेन अलीच्या काळात तुरुंग आणि फ्रान्स, डिसेंबर २०११ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले आणि २०१४ ची निवडणूक हरल्यावर पायउतार झाले. मला वाटतं अरब जगात ही साधी गोष्ट सगळ्यात मोठी होती, हरला आणि घरी गेला.

दुसरे कैस सईद. घटनात्मक कायद्याचे प्राध्यापक, टीव्हीवर शुद्ध पुस्तकी अरबीत बोलायचे, पक्ष नाही, पैसा नाही, स्वच्छ. २०१९ मध्ये तरुणांनी डोक्यावर घेतलं, दुसऱ्या फेरीत ७०% च्या वर मतं. २५ जुलै २०२१ ला ह्याच प्राध्यापकाने घटनेतल्या आणीबाणीच्या कलमाचा आधार घेऊन संसद बंद केली. ते कलम मी वर्गात शिकवलंय, त्यात स्पष्ट लिहिलंय की त्या काळात संसद सतत बैठकीत राहिली पाहिजे! नवी घटना लिहायला त्यांनी सादिक बलईद ह्या ज्येष्ठ प्राध्यापकांना नेमलं, ते सईद यांचे एके काळचे शिक्षक. ३० जून २०२२ ला छापून आलेला मसुदा बघून बलईद जुलैमध्ये म्हणाले की हा आम्ही दिलेला मसुदा नाही, आणि जाहीरपणे हात काढून घेतले. पण तोपर्यंत उशीर झाला होता. त्या डिसेंबरच्या संसदीय निवडणुकीत जेमतेम ११% लोकांनी मतदान केलं.

मी हे वाचताना सतत स्वतःला विचारत होते, मला कोणी फोन करून म्हणालं असतं की मॅडम, देशाची घटना लिहायची आहे, या, तर मी नाही म्हटलं असतं का? बलईद लोभी नव्हते. त्यांना वाटलं आपण आत असलो तर निदान चांगलं लिहिलं जाईल.

---

शेवंती७२:

बायकांबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून थोडं. नवाल अल-सअदावी, डॉक्टर. बाई आणि लैंगिकतेवरच्या पुस्तकामुळे १९७२ मध्ये आरोग्य खात्यातली नोकरी गेली. सप्टेंबर १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष सादातने दीड हजाराहून जास्त लोक एका झटक्यात आत टाकले, डावे, इस्लामी, पत्रकार, अगदी हैकलसुद्धा, त्यात ह्या पण. तुरुंगात कागद-पेन बंद, तर भुवया रंगवायच्या पेन्सिलीने टॉयलेट पेपरवर लिहिलं. महिन्याभरात सादातचीच हत्या झाली आणि मग सुटल्या. एवढी बाई. आणि २०१३ मध्ये त्याही लष्करप्रमुख सिसीच्या बाजूने बोलल्या!! म्हणजे हा एकट्या सोनअल्लांचा प्रश्न नाहीये, अख्ख्या पिढीचा आहे.

---

नाईलकाठची:

@शेवंती७२ हो, आणि मला वाटतं उत्तर तिथेच कुठेतरी आहे, पिढीत.

सोनअल्ला ज्या तुरुंगात होते त्याच काळात शुहदी अतिया अल-शाफई नावाच्या कम्युनिस्ट नेत्याला अबू ज़अबलच्या तुरुंगात मारून मारून ठार केलं, १९६० मध्ये. मारणारं राज्य नासरचं. आणि तरी ते सगळे तुरुंगातून बाहेर आले ते नासरला मानतच, कारण सुएझ कालवा ताब्यात घेतला, जमिनी वाटल्या, शाळा काढल्या, धरण बांधलं. १९६५ मध्ये कम्युनिस्टांनी आपला पक्षच विसर्जित केला. ह्या लोकांचं राज्यावर प्रेम होतं, सरकारवर राग होता. राज्य म्हणजे देश, राज्य म्हणजे ब्रिटिशांना हाकलणारं लष्कर, ते वाईट हातात गेलंय एवढंच. बक्षीस नाकारलं ते मुबारक सरकारचं, राज्याचं नव्हे. मग मोर्सी आल्यावर त्यांना वाटलं राज्यच जातंय. मला २००३ आणि २०१३ मध्ये आता विसंगती कमी दिसते आणि म्हणून जास्त वाईट वाटतं.

२०१३ च्या मे-जूनमधलं मी डोळ्यांनी बघितलंय. मोर्सींच्या सांस्कृतिक मंत्र्याने ऑपेराच्या प्रमुख इनास अब्देल-दायेम यांना काढलं, ऑपेरातल्या कलाकारांनी 'आयदा' या ऑपेराचा प्रयोग थांबवला, लेखक-चित्रकार ज़मालेकमधल्या मंत्रालयात ठाण मांडून बसले. रस्त्यावर रोज संध्याकाळी गाणी, बॅले. मी पण मुलीला घेऊन दोनदा गेले. खूप सुंदर होतं, खोटं का बोलू. ३ जुलैला सिसी टीव्हीवर आले तेव्हा शेजारी अल-अझहरचे शेख, कॉप्टिक ख्रिश्चनांचे पोप आणि मोर्सीविरोधी नेते अल-बरादेई. जुलैमध्येच रमज़ान सुरू झाला आणि टीव्हीवर मालिका कुठली तर 'ज़ात'! अख्खं कैरो सोनअल्लांची गोष्ट बघत होतं आणि त्याच रमज़ानमध्ये माणसं रस्त्यावर मरायला लागली होती. राबानंतर अल-बरादेईंनी त्याच दिवशी उपाध्यक्षपद सोडलं तर त्यांना देशद्रोही म्हणाले, आदल्या महिन्यात टाळ्या वाजवणारेच. अम्र हमज़ावी म्हणून राज्यशास्त्राचे प्राध्यापक, मोर्सींचे विरोधक, पण पहिल्या आठवड्यापासून ह्याला लष्करी बंड म्हणत राहिले, नंतर त्यांच्यावर प्रवासबंदी आली. असेही होते. थोडे होते.

---

आडवा_प्रश्न:

मग मंत्रालयात बसलेल्यांचं पुढे काय झालं?

---

नाईलकाठची:

इनास अब्देल-दायेम २०१८ मध्ये सांस्कृतिक मंत्री झाल्या. अला अल-अस्वानी, 'याकूबियन बिल्डिंग' कादंबरीवाले दंतवैद्य, ज्यांच्याशी टीव्हीवर वाद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी पंतप्रधान शफीकनी राजीनामा दिला होता (मार्च २०११, आम्ही लाइव्ह बघत होतो), ते पण २०१३ ला लष्कराच्या बाजूने होते. वर्षभरात त्यांचं सदर बंद झालं, पुढची कादंबरी इजिप्तमध्ये आलीच नाही, २०१९ मध्ये लष्करी सरकारी वकिलांनी खटला भरला. आता अमेरिकेत असतात.

आणि अला अब्देल-फत्ताह, ब्लॉगर, पुढची पिढी. नोव्हेंबर २०१३ पासून मधले थोडे महिने सोडले तर आतच. आई लैला सुएफ, कैरो विद्यापीठात गणित शिकवणारी, तिने मुलासाठी साठीच्या पुढे असताना शेकडो दिवस उपोषण केलं. सप्टेंबर २०२५ मध्ये सुटला तो. सोनअल्ला गेल्यानंतर महिनाभराने.

---

मस्कतकर:

तुमच्या अरबीच्या बाईंचं काय झालं? लिहायचं नसेल तर राहू द्या.

---

नाईलकाठची:

लिहिते. राबाच्या दिवशी दोक्कीतही गोळ्यांचे आवाज येत होते, क्लास रद्द. चार दिवसांनी गेले तर बाईंनी दार उघडलं, चहा केला आणि धडा काढला. मधेच म्हणाल्या, आमच्या बवाबचा भाचा राबाला होता, अजून सापडला नाही. बवाब म्हणजे बिल्डिंगचा रखवालदार. मग पुढे म्हणाल्या, वाच. मी वाचत राहिले. मी विचारायला हवं होतं आणि त्यांना बोलायला हवं होतं आणि आम्ही दोघी कात्रणांचं प्रकरण वाचत बसलो.

ऑक्टोबरमध्ये आम्ही परत आलो. नंतर ईदला मेसेज यायचे, हळूहळू तेही बंद. सोनअल्ला गेले त्या रात्री आठ वर्षांनी त्यांचा मेसेज आला, अरबीत, दोनच वाक्यं. ते गेले. माझी 'ज़ात' तुझ्याकडेच राहिली आहे ना?

माझ्याकडेच आहे. समासात त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. मी फोटो काढून पाठवला तर त्या म्हणाल्या, पान १५० पासून पुढे खुणा नाहीत, तिथे आपण थांबलो होतो. आता दर शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर तिथून पुढे वाचतोय. बवाबच्या भाच्याबद्दल मी पहिल्याच शुक्रवारी विचारलं. सापडला नाही.